चौदा वर्षं एकटी: ॲग्नेस मॅकफेल आणि कॅनडाची संसद

२४ एप्रिल १९२८ रोजी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं एक निकाल दिला. सिनेटवर नेमणूक करण्याबद्दल देशाच्या घटनेत ‘पात्र व्यक्ती’ असे शब्द आहेत, त्यात स्त्रिया येतात का, असा प्रश्न न्यायालयापुढं होता. न्यायालयानं एकमतानं सांगितलं: येत नाहीत.

त्याच वेळी, त्याच ऑटवा शहरात, न्यायालयापासून चालत जाण्याच्या अंतरावर संसद होती आणि तिथं एक स्त्री खासदार म्हणून सातव्या वर्षात पदार्पण करून बसलेली होती. ॲग्नेस मॅकफेल तिचं नाव. ती लोकांनी निवडून दिलेली होती, एकदा नव्हे तर तीनदा. ती कायदे करत होती, अर्थसंकल्पावर मत देत होती. आणि घटनेच्या भाषेत ती सिनेटसाठी ‘व्यक्ती’ नव्हती.

हे असं कसं होऊ शकतं, हा प्रश्न मला पहिल्यांदा पडला तेव्हा वाटलं होतं की कुठल्या तरी तारखेत आपली चूक होतेय. चूक नव्हती. कॅनडाच्या संसदेला दोन दारं आहेत आणि त्या दोन दारांची कुलपं वेगवेगळ्या कारखान्यांत बनलेली आहेत.

पहिलं दार हाउस ऑफ कॉमन्सचं, म्हणजे आपल्या लोकसभेसारख्या सभागृहाचं. तिथं निवडणुकीला कोण उभं राहू शकतं, हे कॅनडाची संसद साध्या कायद्यानं ठरवते. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ साली, सैनिकांच्या आया, बायका, बहिणी आणि मुलींना मताचा हक्क मिळाला. १९१८ मध्ये तो बहुतेक स्त्रियांना लागू झाला, १९१९ मध्ये उमेदवारीचा हक्क आला आणि १९२०च्या निवडणूक कायद्यात हे सगळं पक्कं झालं. संसदेनं ठरवलं आणि दार उघडलं.

दुसरं दार सिनेटचं. तिथं निवडणूक नाही. पंतप्रधानांच्या सल्ल्यानं नेमणूक होते. पात्रतेचे शब्द मात्र १८६७च्या ब्रिटिश नॉर्थ अमेरिका कायद्यात होते, आणि तो ब्रिटिश संसदेचा कायदा. कॅनडाची संसद त्याला स्वतःहून हात लावू शकत नव्हती. न्यायालयानं विचार असा केला की १८६७ साली हे शब्द लिहिणाऱ्यांच्या मनात कोण होतं? तेव्हा स्त्रिया सार्वजनिक पदावर नसायच्या, म्हणून ‘व्यक्ती’ म्हणजे पुरुषच.

अल्बर्टा प्रांतातल्या पाच स्त्रियांनी हा प्रश्न लावून धरला होता: एमिली मर्फी, नेली मॅक्लंग, आयरीन पार्ल्बी, लुईझ मॅकिनी आणि हेन्रिएटा मुइर एडवर्ड्स. त्या लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेल्या. मुंबई हायकोर्टाच्या निकालांवरची शेवटची अपिलंही तेव्हा याच प्रिव्ही कौन्सिलपुढं चालत, त्यामुळे आपल्या जुन्या वकिली घराण्यांना हे नाव अनोळखी नसेल. १८ ऑक्टोबर १९२९ रोजी लॉर्ड सँकी यांनी निकाल फिरवला. घटना हे एक जिवंत झाड आहे, ते आपल्या नैसर्गिक मर्यादेत वाढू शकतं, असं त्यांनी म्हटलं आणि स्त्रियांना सार्वजनिक पदांपासून दूर ठेवणं हा अधिक रानटी काळाचा अवशेष ठरवला. चारच महिन्यांत, फेब्रुवारी १९३० मध्ये, केरिन विल्सन या पहिल्या स्त्री सिनेटर झाल्या. जिवाचं रान करणाऱ्या एमिली मर्फींना ते पद कधीच मिळालं नाही.

‘व्यक्ती खटला’ म्हणून ही गोष्ट कॅनडाच्या शाळांत शिकवली जाते, आणि शिकवलीच पाहिजे. पण पहिल्या दारातून आत गेलेल्या बाईनं आत जाऊन काय केलं, याबद्दल मला जास्त बोलायचं आहे. कारण दार उघडण्याचा सोहळा होतो, छायाचित्रं निघतात. आतल्या खुर्चीवर रोज जाऊन बसणं ही वेगळीच गोष्ट असते.

ॲग्नेसचा जन्म २४ मार्च १८९०चा, ऑन्टारिओ प्रांताच्या ग्रे काउंटीत, प्रोटन नावाच्या भागात, लाकडी ओंडक्यांच्या घरात. आईवडील स्कॉटिश वंशाचे शेतकरी. पोरगी अभ्यासात हुशार, पण गावातली शाळा संपल्यावर पुढं हायस्कूलला जायचं तर दूर ओवन साउंडला राहायला हवं, त्याला खर्च, आणि घरी कामाला माणूस हवंच. दोन वर्षं ती घरी थांबली. दोन वर्षं हट्ट धरला. शेवटी आईवडील राजी झाले. त्यानंतर स्ट्रॅटफर्डच्या अध्यापक विद्यालयातून १९१० मध्ये ती शिक्षिका होऊन बाहेर पडली आणि ऑन्टारिओतल्या आणि काही काळ अल्बर्टातल्या खेड्यांत तिनं शाळा चालवल्या.

राजकारण तिला शाळेच्या फळ्यावर सापडलं नाही, ते शेतकऱ्यांच्या गप्पांत सापडलं. टोरँटोच्या उत्तरेला शॅरन नावाच्या गावी ती शिकवत असताना शेतकरी सहकारी चळवळीशी जोडली गेली, ‘युनायटेड फार्मर्स ऑफ ऑन्टारिओ’ या संघटनेसाठी फिरू लागली, शेतकऱ्यांच्या पत्रात लिहू लागली.

शेतकरी तेव्हा दोन कारणांनी चिडलेले होते. पहिलं कारण जकात. कॅनडाच्या सरकारनं देशी कारखान्यांना संरक्षण म्हणून परदेशी मालावर भारी आयात शुल्क लावलं होतं. याचा हिशेब शेतकऱ्याच्या बाजूनं मांडून बघा: नांगर, कापणी यंत्र, कपडे, हे सगळं महागात विकत घ्यायचं, कारण बाहेरून स्वस्त माल येऊ शकत नाही, आणि गहू मात्र जगाच्या बाजारभावानं विकायचा, तिथं कुणाचं संरक्षण नाही. घेताना बंद बाजार, विकताना उघडा. विदर्भातल्या किंवा नाशिकच्या शेतकऱ्याला हे वाक्य वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

दुसरं कारण जास्त दुखरं होतं. १९१७च्या निवडणुकीआधी सरकारनं शब्द दिला होता की सक्तीच्या लष्करभरतीतून शेतकऱ्यांच्या मुलांना सूट मिळेल. निवडणूक झाली, आणि १९१८च्या वसंतात, ऐन पेरणीच्या तोंडावर, ती सूट काढून घेतली. हजारो शेतकरी ऑटवाला धडकले. त्यांचं कुणी ऐकलं नाही. या रागातून १९१९ मध्ये ऑन्टारिओत चक्क शेतकऱ्यांचं सरकार आलं आणि १९२१च्या देशव्यापी निवडणुकीत शेतकऱ्यांचा प्रोग्रेसिव्ह पक्ष जागांच्या हिशेबात दुसरा ठरला.

ॲग्नेसची उमेदवारी या लाटेवर आली. सप्टेंबर १९२१ मध्ये डरहॅम गावच्या सभेत साउथ-ईस्ट ग्रे मतदारसंघासाठी दहा पुरुषांना मागं टाकून तिची निवड झाली. लगेच ओरड सुरू झाली: बाईमाणूस, तीही अविवाहित, आणि धर्माच्या बाबतीतही परिसरातल्या मोठ्या चर्चांपैकी कुठल्याच चर्चची नाही. संघटनेच्या पदाधिकाऱ्यांनी तिला मागं हटायला सुचवलं. ती हटली नाही. ६ डिसेंबर १९२१ रोजी ती अडीच हजारांहून जास्त मतांनी निवडून आली. देशभरात पाच स्त्रिया उभ्या होत्या. जिंकली ही एकटी.

इथं एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाणं मला प्रामाणिकपणाचं वाटत नाही. ‘कॅनडात स्त्रियांना मत मिळालं’ या वाक्यात कोणत्या स्त्रिया? देशाच्या मतदार यादीतही प्रांताच्या वर्णद्वेषी अटी लागू होत असत. ब्रिटिश कोलंबियानं १९०७ मध्ये भारतीय वंशाच्या लोकांचा मताधिकार काढून घेतला होता, आणि कॅनडातले बहुतेक भारतीय तेव्हा त्याच प्रांतात राहत. तो परत मिळायला १९४७ साल यावं लागलं. फर्स्ट नेशन्सच्या, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी जमातींच्या, लोकांना आपला कायदेशीर दर्जा न सोडता मत देता आलं ते १९६० मध्ये. म्हणजे आज टोरँटो किंवा व्हँकुव्हरमध्ये जी मराठी कुटुंबं बिनदिक्कत मतदानाला जातात, त्यांच्यासारख्या लोकांसाठी १९२१चं दार अजून बंदच होतं.

आता मॅकफेलबाईंचं संसदेतलं पहिलं वर्ष. मार्च १९२२ मध्ये त्या सभागृहात आल्या तेव्हा त्यांच्या बाकावर गुलाबांचा गुच्छ होता. त्यांना बरं वाटलं. मग कळलं की ही बाई निवडून येणार नाही अशी पैज मारलेला एक सभासद हरला होता आणि तो गुच्छ म्हणजे पैजेची वसुली होती. वार्ताहर त्यांच्या मुद्द्यांपेक्षा कपड्यांवर आणि टोपीवर लिहीत. संसदेच्या उपाहारगृहात सगळे जेवणं थांबवून बघत राहात, म्हणून त्या बाहेर जाऊन जेवू लागल्या. सोपं वाक्य बोललं तरी ते पेपरात छापून यायचं, आपण एखाद्या विचित्र प्राण्यासारख्या होतो, असं त्यांनी नंतर सांगितलं आहे. पहिल्या महिन्यातच त्यांचं वजन घटलं. २३५ जणांच्या सभागृहात ही एक. १९३५ मध्ये युकॉनमधून मार्था ब्लॅक निवडून येईपर्यंत, म्हणजे जवळजवळ चौदा वर्षं, हेच चालू राहिलं.

या एकटेपणाला एक सोपा मार्ग होता: ‘स्त्रियांच्या प्रश्नांपुरतं’ बोलायचं आणि बाकी वेळ शोभेला बसायचं. त्यांनी तो नाकारला. मला शेतकऱ्यांनी पाठवलं आहे, म्हणून मी जकातीवर बोलणार, रेल्वेच्या दरांवर बोलणार. १९२५ मध्ये केप ब्रेटनच्या कोळसा खाणींत संप चालू असताना त्या तिथं गेल्या, कामगारांची उपाशी घरं डोळ्यांनी पाहून आल्या आणि सभागृहात ते सांगितलं. प्रोग्रेसिव्ह पक्ष सत्ताधाऱ्यांच्या आहारी जातोय असं दिसल्यावर १९२४ मध्ये त्या आणि काही मूठभर खासदार बाहेर पडले. हा गट ‘जिंजर ग्रुप’ म्हणून ओळखला गेला. पुढं १९३२ मध्ये या मंडळींतून को-ऑपरेटिव्ह कॉमनवेल्थ फेडरेशन, म्हणजे सीसीएफ, हा समाजवादी पक्ष उभा राहिला. आजच्या एनडीपीचा, म्हणजे न्यू डेमोक्रॅटिक पार्टीचा, तो पूर्वज.

स्त्रियांच्या प्रश्नावर त्या बोलल्या तेव्हाही त्यांची भाषा दयेची नव्हती. १९२५चं घटस्फोटाचं विधेयक घ्या. पश्चिमेकडच्या प्रांतांत जुना इंग्रजी नियम चालू होता: बायकोनं व्यभिचार केला एवढं नवऱ्यानं सिद्ध केलं की पुरे, बायकोला मात्र व्यभिचाराबरोबर क्रूरता किंवा घर सोडून जाणं असं आणखी काही सिद्ध करावं लागे. विधेयक म्हणत होतं की दोघांना एकच निकष लावा. चर्चेत कुणी कुणी स्त्री ही घरातली देवदूत वगैरे बोलत होतं. त्यावर मॅकफेलबाईंचं म्हणणं थोडक्यात असं: मला कुणाच्या घरची देवदूत व्हायचं नाही. मला आणि इतर स्त्रियांना पूर्ण समानता हवी. ती मिळाली की मग पुरुष आणि स्त्रिया आळीपाळीनं देवदूत होऊ शकतील. शंभर वर्षं झाली, हे उत्तर अजून शिळं झालेलं नाही. विधेयक मंजूर झालं.

१९२९ मध्ये जिनिव्हाला राष्ट्रसंघात कॅनडाच्या प्रतिनिधी म्हणून गेल्या तेव्हा त्यांना स्त्रिया आणि मुलांच्या कल्याणाच्या समितीवर बसवायचा बेत होता. त्यांनी निःशस्त्रीकरणाची समिती मागितली आणि मिळवली. शाळेतल्या मुलांना लष्करी कवायतीसाठी पैसा देण्याविरुद्ध त्या वर्षानुवर्षं बोलत आल्या होत्या. मात्र सप्टेंबर १९३९ मध्ये हिटलरविरुद्धच्या युद्धात उतरायचा प्रश्न आला तेव्हा त्यांनी, जड मनानं, होकार दिला. त्यांचे जुने सहकारी, सीसीएफचे नेते वुड्सवर्थ विरोधात ठाम राहिले. दोघांपैकी कोण बरोबर यावर वाद घालता येईल. आपल्या आयुष्यभराच्या मतापासून बाजूला होताना त्यांना काय वाटलं असेल, याचा मी अनेकदा विचार केला आहे.

पण त्यांचं सगळ्यात मोठं काम मला तुरुंगांचं वाटतं, आणि ते का, हे जरा सविस्तर सांगतो.

ऑन्टारिओत किंग्स्टनला १८३५ पासूनचा केंद्रीय तुरुंग होता. उंच दगडी भिंती, आत बोलायला बंदी, चामड्याच्या पट्ट्यानं फटके, आणि बहुतेक कैद्यांना धड कामही नाही. मॅकफेलबाईंनी १९२०च्या दशकातच मागणी केली होती की कैद्यांना उपयोगी काम द्या आणि त्या कमाईतला वाटा त्यांच्या घरी पाठवा. कारण बाप तुरुंगात गेला की शिक्षा बायकोमुलांनाही होते. सभागृहातल्या बहुतेकांना यात रस नव्हता. कैद्यांना मतच नव्हतं. शिवाय किंग्स्टन त्यांच्या मतदारसंघातही नव्हतं. या कामातून त्यांना एकही मत मिळणार नव्हतं, उलट गेलीच असती.

ऑक्टोबर १९३२ मध्ये किंग्स्टनच्या कैद्यांनी बंड केलं. त्यांच्या मागण्या ऐकून थक्क व्हायला होतं: थोडा मोकळा वेळ, खेळ, आणि सिगारेट वळायचे कागद. तंबाखू मिळायची, पण ती वळायला कागद द्यायचा नाही, असा नियम होता. बंड मोडायला सैन्य आलं. काही दिवसांनी कम्युनिस्ट नेते टिम बक यांच्या कोठडीत बाहेरून गोळ्या झाडल्या गेल्या. ‘घाबरवण्यासाठी’ झाडल्या, असं नंतर न्यायमंत्र्यांनी संसदेत कबूल केलं.

मॅकफेलबाई तुरुंग पाहायला गेल्या तेव्हा दारावर त्यांना अडवलं, इथं बायकांना प्रवेश नाही म्हणून, आणि ‘मी बाई म्हणून आले नाही, खासदार म्हणून आले आहे’ अशा अर्थाचं काहीतरी बोलून त्या आत गेल्या, अशी गोष्ट कॅनडात सांगितली जाते. शब्द नेमके हेच होते का, यात मला फारसा रस नाही. त्या आत गेल्या आणि पाहून आल्या, हे महत्त्वाचं. कैद्यांची आणि सुटलेल्या माणसांची पत्रं त्यांच्याकडं येऊ लागली. ती त्यांनी सभागृहात मांडली. तुरुंगाचे अधिकारी संतापले, गुन्हेगारांचा पुळका आल्याचे टोमणे झाले. त्या मागत होत्या ते एवढंच: तरुण पोरांना सराईतांत मिसळू नका, शिकवा, काम द्या, आणि चौकशी नेमा.

१९३६ मध्ये न्यायमूर्ती जोसेफ आर्शॅम्बो यांच्या अध्यक्षतेखाली शाही चौकशी आयोग नेमला गेला. १९३८ मध्ये त्याचा अहवाल आला, त्यात ८८ शिफारशी होत्या आणि सगळ्यांचा रोख एकाच दिशेनं होता: शिक्षेचा हेतू सूड नसून माणूस परत समाजात उभा करणं हा असावा. वर्षानुवर्षं ज्या मुद्द्यांवर त्यांना वेड्यात काढलं गेलं, ते आता सरकारी कागदावर होते. दुसऱ्या महायुद्धामुळे अंमलबजावणी लांबली, पण नंतरच्या कॅनडाच्या तुरुंग सुधारणांचा पाया याच अहवालात आहे. तुरुंगातल्या स्त्रियांसाठी काम करणाऱ्या एलिझाबेथ फ्राय सोसायटीच्या कॅनडातल्या उभारणीतही मॅकफेलबाईंचा हात होता.

१९४०च्या निवडणुकीत त्या हरल्या. पन्नास वर्षांच्या, नोकरी नाही, साठवलेलं फारसं नाही. लिहिणं आणि भाषणं यांवर त्यांनी दिवस काढले. १९४३ मध्ये सीसीएफकडून टोरँटोजवळच्या यॉर्क ईस्टमधून त्या ऑन्टारिओच्या विधानसभेत पोचल्या. त्या आणि रे लकॉक या तिथल्या पहिल्या दोन स्त्रिया. १९४५ला पराभव, १९४८ला पुन्हा विजय.

तिथं त्यांनी समान वेतनाचा मुद्दा रेटला आणि १९५१ मध्ये ऑन्टारिओनं कॅनडातला पहिला समान वेतन कायदा केला. या कायद्याला एक मोठं भोक होतं, तेही समजून घेण्यासारखं आहे. कायदा म्हणत होता, एकाच ठिकाणी ‘तेच काम’ करणाऱ्या स्त्रीला पुरुषाइतकं वेतन द्या. पण कारखान्यात शिवणकामाला सगळ्या बायका आणि कापडाच्या गठ्ठ्यांच्या कामाला सगळे पुरुष असतील, तर ‘तेच काम’ करणारा पुरुष शोधायचा कुठं? शिवाय तक्रार त्या बाईनं स्वतः करायची, आपल्याच मालकाविरुद्ध. काम वेगळं असलं तरी त्याचं मोल सारखं असेल तर वेतन सारखं हवं, हे तत्त्व ऑन्टारिओच्या कायद्यात आलं ते १९८७ मध्ये. मॅकफेलबाईंनी पहिली वीट ठेवली होती, आणि ती अर्धी वीट होती, हे दोन्ही खरं आहे.

त्याच १९५१ मध्ये त्या पुन्हा हरल्या. १३ फेब्रुवारी १९५४ रोजी टोरँटोत त्यांचं निधन झालं. सिनेटवर, त्या दुसऱ्या दारातून, त्यांची नेमणूक होण्याच्या बेतात होती असं सांगितलं जातं. २०१७ मध्ये कॅनडाच्या दीडशेव्या वर्षानिमित्त निघालेल्या दहा डॉलरच्या नोटेवर चार चेहरे होते, त्यातला एक त्यांचा. २०२१च्या निवडणुकीनंतर हाउस ऑफ कॉमन्सच्या ३३८ जागांपैकी १०३ जागांवर स्त्रिया होत्या.

किंग्स्टनचा तो तुरुंग २०१३ साली बंद झाला. आता उन्हाळ्यात लोक तिकीट काढून तो पाहायला जातात. त्याच दारातून बायकाही आत जातात, मुलांचा हात धरून.